दिव्यासकट सीलिंग फॅन बसवायचाय, पण छताला दोनच वायरी आहेत

पुस्तकवेडी:
मुलांच्या खोलीत (10 बाय 12 फूट) खाली एलईडी दिवा असलेला पंखा लावायचा आहे. ट्यूबलाइटच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट करायचंय, म्हणून दिवा छताला हवा. छताच्या पॉइंटला दोनच वायरी आहेत, लाल आणि काळी. बोर्डावर पंख्याचं बटण, पाच स्टेपचा रेग्युलेटर आणि ट्यूबचं बटण. दिवा आणि पंखा वेगवेगळे चालू-बंद व्हायला हवेत. इमारत 1998 ची, फरशीपासून स्लॅब 9 फूट. बंक बेड 12 फुटी भिंतीला लावलेला आहे. बजेट वायरिंग धरून 4000. कोणता घेऊ आणि जोडणी कशी करू?

पाचतारे:
साध्या मोटरच्या पंख्यावर एक रुपया घालवू नका. दिव्याचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा) घ्या, आमच्या चारही खोल्यांत तोच आहे. साधा पंखा 75 वॉट खातो, हा 30. रोज 12 तास, वर्षाचे 300 दिवस धरले तर एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात. 1 जानेवारी 2023 पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं आहे, पाच तारे बघूनच घ्या. चांगला 8-9 हजारांपर्यंत मिळेल.

वायरमनकाका:
ताई, पंखा नंतर निवडा, आधी वायरी मोजा. दिवा आणि पंखा भिंतीवरच्या वेगळ्या बटणांवर हवे असतील तर छताला तीन वायरी लागतात: पंख्याची फेज (वीज आणणारी), दिव्याची फेज आणि दोघांत एक न्यूट्रल (परतीची). चौथी हिरवी, अर्थिंगची. ट्यूबचं बटण मोकळं होणारच आहे, दिव्याची फेज त्यावरून घ्या. बोर्डापासून पॉइंटपर्यंत वळणं धरून 6 मीटर लागेल, म्हणजे 1 स्क्वेअर मिमी.ची 24 मीटर वायर. वायरीवर आयएस 694 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असावा. जुन्या दोन्ही वायरींच्या टोकाला नव्या चारही बांधून एकदमच ओढायच्या. पाइपात अडकलं तर हिसका द्यायचा नाही. वायर आत तुटली तर स्लॅबमधला तो पाइपच वाया जातो.
दिवा रेग्युलेटरनंतरच्या वायरीवर चुकूनही घेऊ नका. स्टेप रेग्युलेटरमध्ये कॅपॅसिटर असतात, ते पंख्याचं व्होल्टेज पाडतात. एक-दोन नंबरवर दिवा लुकलुकतो आणि त्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारं सर्किट) लवकर जातो.

गच्चीवरचीबाग:
एवढी ओढाताण कशाला? रिमोटचा घ्या. दोन वायरींत काम होतं, दिवा-पंखा दोन्ही रिमोटवर.

पाचतारे:
तेच म्हणतोय. बीएलडीसीला रिमोट सोबतच येतो.

वायरमनकाका:
येतो, पण मग रेग्युलेटर काढावा लागतो. नुसता पाचवर ठेवून भागवू नका. कोणीतरी दोनवर फिरवलं की आतलं सर्किट धोक्यात. बटणातून निघालेली फेज थेट पंख्याकडे न्यायची आणि रेग्युलेटरच्या जागी ब्लँक प्लेट. दुकानात एक गोष्ट करून बघा: दिवा रिमोटने बंद करा, मग प्लगचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. दिवा आपोआप लागला तर त्याला मेमरी नाही. रात्री लाइट जाऊन आली की मुलांच्या डोळ्यांवर उजेड.

एडिसनकर:
इथे न्यू जर्सीत हे पंखे घरोघरी आहेत. जोडणी सोपी आहे: काळी पंख्याला, निळी दिव्याला, पांढरी पांढरीला, हिरवी अर्थला. दुकानातून वायरी जोडायच्या रंगीत टोप्या आणायच्या, दहा मिनिटांचं काम.

वायरमनकाका:
एडिसनकर, हे भारतातल्या घरात कोणी असंच करू नका. तुमच्याकडे काळी म्हणजे फेज. आपल्याकडे काळी न्यूट्रल, आणि फेज लाल, पिवळी किंवा निळी. त्यातही बाहेरून आलेल्या पंख्यांत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. म्हणजे निळ्या वायरीचे तीन अर्थ झाले. पंख्यासोबतच्या कागदावरची आकृती बघायची आणि भिंतीतली वायर मोजून ठरवायची. रंगाला रंग जोडायचा नाही. 1998 च्या इमारतीत मधल्या काळात कोणी कुठली वायर कुठे जोडली, हे रंगावरून कळत नाही.

साखरपेरा:
मोजायला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) कशाला, टेस्टर पुरे.

ओहमनिवासी:
पुरे नाही. शेजारून चालू फेज गेली असेल तर सुट्या वायरीवरही टेस्टरचा निऑन मंद लागतो, आणि टेस्टर बिघडलेला असेल तर चालू वायरही बंद वाटते. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास आणि फेज-अर्थमध्येही तेवढंच दिसलं तर फेज ओळखली आणि अर्थिंग जोडलेलं आहे हेही कळलं. मग मेन स्विच बंद करून पुन्हा मोजा, दोन्हीकडे शून्य यायला हवं. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका. बटण न्यूट्रलवर असेल तर पॉइंटला फेज तशीच राहते. बंद केल्यावरही एलईडी अंधारात मिणमिणतो, त्याचं एक कारण हेच.

साखरपेरा:
टेस्टरवर दोन पिढ्यांनी कामं केलीत.

मधलीआळी:
तिसरी वायर ओढायची नसेल तर दिव्याची फेज शेजारच्या खोलीच्या बोर्डातून पट्टीत (भिंतीवरच्या प्लास्टिकच्या केसिंगमध्ये) आणा, न्यूट्रल पंख्याचाच वापरा.

ओहमनिवासी:
असं करू नका. दोन सर्किटांत एक न्यूट्रल घेतला आणि ती वेगवेगळ्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असली की जाणारा आणि परतणारा करंट जुळत नाही, आरसीसीबी पडतो. लोक त्यालाच बिघडलेला समजून काढून टाकतात, हे सगळ्यात वाईट. घरात थ्री फेज असेल आणि त्या खोल्या वेगळ्या फेजवर असतील तर पंख्याच्या कपात (वरच्या झाकणात) दोन फेजमध्ये 400 च्या आसपास व्होल्ट येतात. शिवाय एक एमसीबी (मेन बोर्डातला सर्किटचा स्विच) बंद करून काम करणाऱ्याला दुसरीकडून शॉक बसतो.

नियमावली:
नियमाचंही सांगते. 1956 च्या भारतीय वीज नियमांतल्या नियम 45 पासून हेच आहे: दिवा, पंखा, बटण तसंच बदलणं घरच्यांना चालतं, वायरिंगमध्ये भर घालणं हे परवानाधारकाचं काम. तिसरी वायर म्हणजे भर.

वायरमनकाका:
बरोबर. आणि कोणीही करो, जॉइंट पिळून टेप गुंडाळलेला नको. पंख्याच्या कंपनांनी तो ढिला होतो, तापतो, टेप वितळतो. कनेक्टर वापरा. वरच्या बोल्टची स्प्लिट पिन घातल्यावर तिचे पाय फाकवाच.

मापटं:
कोणी उंची बघितली का? नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे पंख्याचा सर्वात खालचा भाग फरशीपासून 2.4 मीटर हवा आणि पाती छतापासून 30 सेमी. 9 फूट म्हणजे 2.74 मीटर. पाती 2.44 वर आली, तिथंच संपलं. दिवा आणखी 15 सेमी लोंबला तर 2.29. दिव्याचा पंखा या खोलीत बसतच नाही.
दुसरं, बेड. 10 फुटी रुंदीत मधल्या हुकापासून भिंत 152 सेमी, बेड 90 चा. बेडची कड हुकापासून 62 सेमीवर. 1200 मिमी.च्या पंख्याचं पातं 60 सेमी. वर झोपलेल्या मुलाने हात बाहेर काढला तर मध्ये फक्त 2 सेमी आहेत.

पाचतारे:
बीएलडीसीत लो हाइटचेही मॉडेल असतात. दहा-बारा हजार.

पुस्तकवेडी:
मापटं, टेप लावून मोजलं. अगदी 62 आलं. आता दिव्याचा पंखा नकोच. बेड 10 फुटी भिंतीला वळवतेय आणि साधा 900 मिमी.चा पंखा त्याच दोन वायरींवर, जुन्याच रेग्युलेटरवर लावतेय. ट्यूबच्या जागी 20 वॉटची एलईडी बॅटन, त्याच भिंतीवर दोन फूट वर सरकवून. कपाट बुटकं करीन.

पाचतारे:
साधी मोटर घेताय, वीजबिल बघा.

मापटं:
बेड वळवल्यावर हुकापासून कड 93 सेमी, पातं 45. मध्ये 48 सेमी राहतील. तरी वरच्या गादीची उंची मोजा, कठड्यावर उभं राहिलं तर हात कुठं पोचतो तेही बघा.

वायरमनकाका:
बॅटनची वायर सरकवताना जुन्या पॉइंटवर झाकण लावा आणि तिथला जॉइंट कनेक्टरमध्येच करा. पट्टी 20 मिमी.ची पुरेल.