निवाऱ्यातील कुत्र्या-मांजरांना दिवसभर गुंतवून कसे ठेवावे? (महिन्याला ३,००० रुपयांत)

मांजराकाठ, लातूर :
नमस्कार. लातूरजवळ आम्ही पाच जण मिळून जखमी आणि सोडून दिलेल्या प्राण्यांसाठी पत्र्याचे एक शेड चालवतो. सध्या २६ कुत्री आणि ९ मांजरे आहेत. खाणे, औषधे आणि लसीकरण यांची व्यवस्था कशीबशी लागली आहे. माझी काळजी वेगळी आहे. राजा नावाचा कुत्रा सकाळपासून आपल्या कप्प्यात एकाच दिशेने गोल फिरत राहतो आणि ऊन तापले की, बहुधा थकून, दुपारी बाराच्या सुमारास तासभर थांबतो. चिमीने पुढचा पाय चाटून चाटून लाल केला आहे. एक बोका मातीच्या ट्रेमागे अंग चोरून बसतो आणि रात्रीशिवाय खात नाही. या जिवांचा अख्खा दिवस असा रिकामा जातो, हे आता माझ्याने पाहवत नाही. यासाठी महिन्याला ३,००० रुपये बाजूला काढता येतील. स्वच्छता आणि जेवण पाहणारे एकच काका आहेत, त्यामुळे रोज जमेल, धुता येईल आणि उन्हाळ्यात चालेल असे काही सुचवावे.

गोदातीर, नांदेड :
ताई, आतून पोकळ असलेले जाड रबरी खेळणे घ्या, दुसरा विचारच करू नका. मी माझ्या लॅब्राडोरसाठी काँगची तीन खेळणी घेतली. साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला, पण चार वर्षांत एकही फुटलेले नाही. त्यात भाकरीचा कुस्करा आणि बिनमिठाचे ताक भरून फ्रीझरमध्ये गोठवायचे. आतले चाटून काढण्यात तो पाऊण तास रमतो आणि नंतर गाढ झोपतो. २६ कुत्र्यांसाठी निदान १३ घ्या, म्हणजे प्रत्येकाला एक दिवसाआड मिळेल.

पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर :
माझा अनुभव संगीताचा आहे. बेलफास्टमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शास्त्रीय संगीत चालू असताना निवाऱ्यातील कुत्री अधिक वेळ शांत राहिली, तर हेवी मेटलने त्यांचे भुंकणे वाढले. ते वाचून मी घरच्या चार कुत्र्यांसाठी ५,२०० रुपयांचे दोन स्पीकर बसवले आणि बासरी लावू लागलो. पहिला आठवडा फार सुखाचा गेला, मग परिणाम ओसरला. स्कॉटलंडमधील नंतरच्या अभ्यासांतही कुत्र्यांना थोड्याच दिवसांत संगीताची सवय झालेली दिसली आणि प्रकार बदलत ठेवणे उपयोगी ठरले. आता मी रोज वेगळे काही लावतो.

बालाघाट, बीड :
पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात, हे पाणचक्की यांनी लक्षात घ्यावे. शिवाय भारनियमनात स्पीकरही बंद आणि फ्रीझरही बंद. माझ्याकडे राखणीची तीन कुत्री आहेत. मी कोपऱ्यात कडब्याचा ढीग करतो आणि त्यांचे खाणे भांड्यात न देता त्या ढिगात विखरून टाकतो. अर्धा तास ती नाक खुपसून हुंगत एकेक तुकडा शोधत असतात. हुंगणे हे कुत्र्याचे मूळ काम आहे आणि त्याला दमडीचाही खर्च नाही.

पाणचक्की :
खर्च नाही असे कसे म्हणता? जनावरांना पुरत नाही तो कडबा कुत्र्यांच्या पायाखाली घालणे मला पटत नाही. आवाजाचे म्हणाल, तर तो हळूच ठेवायचा असतो.

बालाघाट :
मग मोंढ्यातून रिकामी बारदाने आणून त्यांच्या घड्यांमध्ये खाणे लपवा, तेवढाच शोध होतो. मात्र खताची किंवा कीटकनाशकाची गोणी कदापि वापरू नका, आणि धान्याचे बारदानही धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय देऊ नका, कारण गोदामात धान्याला विषारी धुरी देतात. माझे एक चांगले कुत्रे अशाच एका गोणीपायी गेले. तेव्हापासून मी प्रत्येक पोते हुंगूनच घरात घेतो.

परभणीतील पशुवैद्य :
ताई, आधी चिमीचा पाय दाखवून घ्या. सततच्या चाटण्यामागे कंटाळा असू शकतो, पण गोचीड, खरूज, ॲलर्जी किंवा सांध्याचे दुखणेही असू शकते, आणि दुखण्यावर खेळणे हा उपाय नाही. दुसरे, एकाचे खेळणे दुसऱ्याला देताना पार्व्होचा विचार करा. तो विषाणू वातावरणात महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न झालेल्या पिल्लांचा घात करतो. वस्तू आधी साबणाने स्वच्छ धुवावी, मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवून पुन्हा साध्या पाण्याने धुवावी. खेळण्यात कांदा-लसणाचे उरलेले कालवण, मनुका किंवा चॉकलेट भरू नये. शिजवलेले हाड तर देऊच नये. त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. मांजरांजवळ सुतळी आणि दोरा मोकळा राहू देऊ नका, कारण तो गिळला गेल्यास आतडे आवळले जाते.

मनीमाऊ, धाराशिव :
डॉक्टरांनी दोऱ्याचे सांगितले ते अगदी खरे आहे. माझ्या सातपैकी एकीचे त्यासाठी पोट फाडावे लागले होते. तुमच्या बोक्याला खेळणे नको, लपायला जागा हवी. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपण्यासाठी खोके मिळालेली मांजरे निवाऱ्यात अधिक लवकर रुळली. किराणा दुकानातून खोकी मागून आणा, पिना आणि चिकटपट्टी काढा, आणि तोंड भिंतीकडे नव्हे तर थोडे तिरके ठेवा, म्हणजे त्याला न दिसता पाहता येईल. उंचावर एक फळीही ठोकून द्या. नखे घासायला लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली की माझ्या साती जणी दिवसभर तिथेच असतात.

सिंहगडरोड, पुणे :
मुलांचा प्लास्टिकचा हौद २,५०० रुपयांत मिळतो. आमची गोल्डन रिट्रीव्हर उन्हाळाभर त्यातच असते.

बालाघाट :
लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तिथे कुत्र्यांसाठी हौद भरायला सांगण्याआधी एवढे तरी आठवावे.

सिंहगडरोड :
तेच पाणी नंतर झाडांना घालता येते. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली जनावर होरपळत असेल, तर दोन बादल्या पाणी जास्त नाही.

मांजराकाठ :
दोघांनाही विनंती आहे की वाद वाढवू नये. आम्हाला टँकर घ्यावा लागतो, त्यामुळे हौद शक्य नाही. ओले बारदान मात्र रोज अंथरतो. खर्चाची मर्यादा ३,००० रुपयांचीच आहे, हे पुन्हा नम्रपणे सांगते.

गोदातीर :
मग निदान दोन काँग तरी घ्या.

मांजराकाठ (बारा दिवसांनी) :
सर्वांचे मनापासून आभार. चिमीला दाखवले, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या निघाल्या आणि उपचार सुरू आहेत. बोक्याला तिरके खोके दिले. तिसऱ्या दिवसापासून तो दिवसाही खाऊ लागला. बारदानातला शोध आठ कुत्र्यांना लागू पडला, राजाने मात्र त्याकडे पाहिलेही नाही.

३,००० रुपयांचा निर्णय मी कोणाच्याच सल्ल्याप्रमाणे घेतलेला नाही. आठवडाभर मी शेडच्या दुसऱ्या टोकाला वही घेऊन राजाच्या फेऱ्या मोजल्या. तो उन्हाने थांबत नव्हता. बारा वाजता काका त्याच्या कप्प्याला पाठ टेकून डबा खातात, म्हणून तो थांबत होता. गुरुवारी काका लग्नाला गेले, ऊन तेवढेच होते, आणि राजा बारा वाजताही फिरतच राहिला. त्यामुळे काकांच्या गल्लीतील एका आजोबांना रोज शंभर रुपये मानधन देऊन बोलावले आहे. ते सकाळी जमीन तापण्यापूर्वी चार-पाच कुत्र्यांना एकेक करून फिरवतील आणि दुपारी पाळीपाळीने प्रत्येकाजवळ नुसते बसतील.

परभणीतील पशुवैद्य :
उत्तम. आजोबांना कामावर घेण्याआधी रेबीजची चावण्यापूर्वी द्यायची लस द्या; पहिल्या दिवसानंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी पुढच्या मात्रा असतात. भेदरलेल्या कुत्र्याकडे तोंड करून न बसता बाजूला वळून बसावे आणि हात पुढे करू नये; कुत्रा स्वतः जवळ येतो. काकांचा डबाही त्याच जागी चालू राहू द्या.

गोदातीर :
एक माणूस २६ कुत्र्यांना कसा पुरणार, हे मला अजून समजलेले नाही. इतर वेळी त्यांना काहीतरी हवेच. पुढच्या महिन्यात लातूरला येणार आहे, तेव्हा माझ्याकडील तीनपैकी एक काँग राजासाठी घेऊन येतो.

मांजराकाठ :
जरूर आणा. फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या ब्लीचच्या पाण्यात धुऊन आणा आणि बाराच्या आधी पोहोचा, म्हणजे काकांच्या हातूनच ते त्याला देता येईल.