मक्याच्या बियाण्याला बिव्हेरिया लावायची आहे, कोणती घ्यावी?

मका_२एकर: खरिपाचा मका, २ एकर. बिव्हेरिया ही किडी मारणारी बुरशी बियाण्याला चोळली की ती रोपाच्या आत राहते आणि लष्करी अळीला जड जाते, असं वाचलंय. कोणती घेऊ, किलोला किती? बजेट ५०० रुपये, दोन्ही एकरांचं मिळून. फवारणी नको.

ऊसकरी: मेटारायझियम घ्या, तीही किडी मारणारी बुरशीच. मुळं खाणाऱ्या हुमणीवर तेच चालतं. शेणखतात मिसळून सरीत टाका.

हिरवा_पोंगा: हुमणी कोणी विचारली? मेटारायझियम बहुतेक मुळांतच राहतं, बिव्हेरिया खोडापानांत चढते. लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत असते. पण आधी बियाण्याचा रंग बघा. संकरित मका गुलाबी-लाल लेप लावूनच येतो, त्यात बुरशीनाशक असतं. त्यावर बिव्हेरिया म्हणजे पैसे पाण्यात. लेप धुवायलाही जाऊ नका, ते पाणी विषारी.

थेंब_थेंब: पावडर कशाला, द्रवरूप घ्या. लिटरचा डबा, ड्रोननं मारून मोकळं व्हायचं.

हिरवा_पोंगा: ५०० रुपयांत ड्रोन?

पेट्रीडिश: आतली बुरशी बीजाणू धरत नाही, त्यामुळे अळी पांढरी पडून मेलेली दिसेल ही आशा सोडा. अळीची वाढ मंदावते, खाणं घटतं, तेही काही आठवडेच. जिवंत मातीतले इतर जंतू तिला मागे रेटतात, म्हणून कुंडीतला निकाल शेतात मिळत नाही. बिंग आणि लुईस या संशोधकांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात बिव्हेरियानं मक्याची खोडकीड घटते हे दाखवलं, त्यात बुरशी पोंग्याच्या अवस्थेत दिली होती. बियाण्यावर विसंबू नका. १५ दिवसांच्या पिकात लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, थेट पोंग्यात.

ऊसकरी: सोबत ट्रायकोडर्माही चोळा, रोगाच्या बुरशीवर चालणारी बुरशी.

पेट्रीडिश: एकाच बियाण्याला दोन्ही नको, ट्रायकोडर्मा बिव्हेरियाला दाबते. ती शेणखतातून द्या.

तुतीवाला: शेजारी रेशीम असेल तर बिव्हेरिया फवारूच नका. रेशीमकिडेही मरतात.

हिरवा_पोंगा: पुडी १.१५ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळणारी पावडर), ग्रॅमला किमान १० कोटी सीएफयू (वाढू शकणारे जिवंत बीजाणू), तारीख ताजी. पत्र्याखाली तापलेली घेऊ नका. शंका असेल तर शिजवलेला भात दोन पिशव्यांत गार करा, एकीत चिमूटभर पावडर टाका, दुसरी कोरी. सावलीत आठवडाभरात पांढरी वाढ दिसली तर माल जिवंत. हिरवी-काळी आली तर भेसळ. कोरीतही तीच आली तर तुमचा भात खराब. लावताना किलोला १० ग्रॅम, चिकटायला भाताची गार पेज, बी ओलसर होण्यापुरतीच. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

थेंब_थेंब: द्रवरूपला पेज लागत नाही.

मका_२एकर: मका मुरघासाचा आहे, आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा वाण, लेप नसलेलं कोरं बियाणं. एकरी ३० किलो, म्हणजे ६०० ग्रॅम पावडर. एक किलोची पुडी घेतोय. बियाण्यालाच लावणार, फवारणी नाही.

पेट्रीडिश: मग उरलेल्या ४०० ग्रॅमचं काय? ८० लिटर पाण्याला पुरते ती.

मका_२एकर: शेजाऱ्याला देतो.

तुतीवाला: त्याच्याकडे रेशीम आहे का, ते विचारा आधी.