बल्गेरियाच्या मुक्तीची मालिका ३ मार्चला संपवू नये

रेवा_क
ऑटोमन तुर्की साम्राज्यापासूनच्या बल्गेरियाच्या मुक्तिसंग्रामावर बल्गेरियन भाषेत सहा-आठ भागांची युद्धमालिका करायची, तर शेवट कुठे करावा? ३ मार्च १८७८ ला करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवशी युद्ध जिंकलेला रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात सान स्टेफानोचा तह झाला आणि डॅन्यूबपासून एजियन समुद्रापर्यंतचा बल्गेरिया कागदावर उभा राहिला. आजही तिथे तो राष्ट्रीय दिवस आहे. पण जुलैत बर्लिनला बड्या सत्तांनी त्याचे तुकडे पाडले. बाल्कन पर्वताच्या उत्तरेला मांडलिक संस्थान, दक्षिणेला सुलतानाच्या अंमलाखाली पूर्व रुमेलिया, आणि मॅसेडोनिया थेट सुलतानाला परत. १८७६ मध्ये तुर्कांविरुद्ध झालेल्या एप्रिल उठावाची ठिणगी पडली ती कोप्रिव्श्तित्सा आणि पानाग्युरिश्ते ही गावं रुमेलियात गेली. ज्यांनी आधी बंदूक उचलली तेच बाहेर राहिले. हे न दाखवता झेंडे फडकवून मालिका संपवली, तर त्या गावांवर अन्याय होतो.

डोंगरवाट
साफ असहमत. मालिका लढणाऱ्यांची आहे, तह करणाऱ्यांची नाही. ऑगस्ट १८७७ मधली बाल्कन पर्वतातली शिपका खिंड आठवा. तुर्की सेनापती सुलेमान पाशाची फौज कित्येक पटींनी मोठी, वर रशियन शिपाई आणि बल्गेरियन स्वयंसेवक, म्हणजे त्यांचे 'ओपाल्चेन्त्सी'. काडतुसं संपली तेव्हा त्यांनी दगड फेकले, मग आपल्याच मेलेल्या साथीदारांची प्रेतं उतारावरून खाली लोटली. अगदी शेवटच्या क्षणी कुमक आली, तीही एकेका घोड्यावर दोघं-दोघं बसून. हे पाहून झाल्यावर प्रेक्षकाला बर्लिनच्या दिवाणखान्यात नेऊन बसवणार? त्या माणसांना ३ मार्च मिळू द्या.

रेवा_क
शिपकाला दोन भाग द्या, माझी ना नाही. पण त्या स्वयंसेवकांपैकी कितीतरी जण पर्वताच्या दक्षिणेकडचे होते. त्यांच्या घरी काय झालं, हे सांगायला नको?

निंबोणी
तुम्ही दोघंही शेवटावर भांडताय, मला सुरुवातीची काळजी आहे. रशियाने एप्रिल १८७७ मध्ये तुर्कस्तानशी युद्ध पुकारलं, तिथून मालिका सुरू केली की बल्गेरियन माणूस वाट बघत बसलेला दिसतो. क्रांतिकारक लेव्हस्कीला १८७३ मध्ये सोफियात फाशी दिली. गावोगाव गुप्त समित्या बांधत हिंडताना, आपलं स्वातंत्र्य आपणच मिळवायचं, हाच त्याचा आग्रह होता. आणि एप्रिल उठावातली ती चेरीच्या लाकडाची तोफ! झाडाचा बुंधा पोखरायचा, बाहेरून लोखंडी कड्या ठोकायच्या, झाली तोफ. साम्राज्याच्या तोफखान्यापुढे ती टिकणार नव्हती, हे ती बनवणाऱ्या सुतार-लोहारांना कळत नसेल? तरी बनवली. माझा पहिला भाग त्या कारखान्यातच जाईल.

सागरी
रेवाताईंच्या बाजूने एक गोष्ट, आणि ती आपल्या दारातली आहे. सान स्टेफानोने ब्रिटन बिथरलं आणि १८७८च्या वसंतात त्यांचा पंतप्रधान डिझरायली याने सुमारे ७,००० हिंदी शिपाई मुंबईहून माल्टाला धाडले. मुंबई इलाख्याच्या पलटणीही त्यात होत्या. लढाई झाली नाही, पण रशियावर दाब आणायला हे शिपाई वापरले गेले आणि पुढे बर्लिन घडलं. ज्या देशाचं नावही ऐकलं नसेल, त्याच्या फाळणीत आपल्या माणसांचं वजन टाकलं गेलं. मला हे वाचल्यापासून चैन नाही. बर्लिन वगळलं की हेही वगळलं जातं.

अबोली_पुणे
आणि गावं सोडून निघालेले तुर्क? युद्ध पुढे सरकत गेलं तशी मुसलमान कुटुंबं बैलगाड्यांत संसार घालून इस्तंबूलच्या वाटेला लागली. कित्येकांची कत्तल झाली, थंडीत वाटेतच माणसं गेली. मुक्तीची मालिका त्यांच्याकडे पाठ फिरवत असेल तर मला ती नको.

डोंगरवाट
अबोलीताई, गाड्या दाखवा, मी अडवत नाही. पण दोन्ही पारडी सारखी करण्यासाठी सुलतानाच्या टोळ्यांनी केलेल्या बाताक गावच्या कत्तलीला हात लावू नका. १८७६ मध्ये तिथले लोक चर्चमध्ये कोंडले गेले, आत पाणी नव्हतं, तेव्हा त्यांनी नुसत्या हातांनी जमीन उकरली. आज ते चर्च संग्रहालय आहे, हाडं तिथेच ठेवली आहेत. हा प्रसंग कोणाच्याही बाजूसाठी छोटा करता येणार नाही. आणि रेवाताई, तुम्ही म्हणता ती बर्लिनची सीमारेषा मी रात्री नकाशात पाहिली. बाताकही रुमेलियातच गेलं होतं. ३ मार्चवर मी अजून ठाम आहे, पण हे मला माहीत नव्हतं.

रेवा_क
म्हणूनच माझा शेवट १८८५चा सप्टेंबर, रुमेलियाची राजधानी प्लोव्हदिव्ह, दोन्ही बल्गेरिया एक झाले तो दिवस. बाताकचं कोणीतरी त्या गर्दीत उभं असावं.