सर्फ संगीत नक्की कुणाचं? लाटेवरच्यांचं की काठावरच्यांचं?

खारावारा
सर्फ संगीत, म्हणजे फळीवरून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाभोवती वाढलेलं संगीत, म्हटलं की लोक पटकन बीच बॉईज या अमेरिकी बँडचं नाव घेतात. मला हे अजिबात मान्य नाही. त्या पाच जणांत खरा सर्फर एकटा डेनिस विल्सन, ड्रमवाला. गाणी रचणारा त्याचा भाऊ ब्रायन सर्फिंग करतच नव्हता. १९६३ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या सर्फ गाण्याची चाल चक बेरीची, आणि शब्दांत नुसती किनाऱ्यांची नावं.

याउलट गिटारवाला डिक डेल. दिवसा बोर्डवर, रात्री कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या रँदेव्हू बॉलरूममध्ये, साल १९६१. लाट अंगावर येताना कानात भरणारा गडगडाट त्याला गिटारमधून काढायचा होता. जाड तारा आणि एकाच तारेवर पिक इतक्या वेगानं वरखाली की स्वराला खंडच पडत नाही. त्यापुढे अँप (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं) टिकेनात, तेव्हा गिटार आणि अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरनं त्याच्यासाठी १५ इंची स्पीकरचा दणकट शोमन अँप तयार केला. माझ्या लेखी सर्फ संगीत ते हेच.

तारसप्तक
सपशेल असहमत. डेलची 'मिसिर्लू' मुळात पूर्व भूमध्य समुद्राकडची लोकधून, त्याच्या लेबनीज घराण्यातून त्याच्याकडे आलेली. तिचा पॅसिफिकच्या लाटेशी काय संबंध? शँटेज या बँडची 'पाइपलाइन' घ्या. कॅलिफोर्नियातल्या सांता अॅनाच्या त्या शाळकरी पोरांनी धून आधी बांधली. हवाईतल्या पाइपलाइन नावाच्या लाटेची दृश्यं पडद्यावर पाहिल्यावर तिचं आधीचं नाव बदलून हे ठेवलं. तरी ती ऐकताना पाणी दिसतंच ना? संगीत कानावर तोलायचं, वाजवणारा किती वेळा पाण्यात पडला यावर नाही. ब्रायनच्या स्वरमेळात मला जितका समुद्र ऐकू येतो, तितका डेलच्या धडाक्यात येत नाही.

खारावारा
धून कुठलीही असो, ती ऐकणारे कोण होते ते बघा. रँदेव्हूत टायशिवाय प्रवेश नाही अशी अट होती. पोरं समुद्रावरून अनवाणी यायची आणि दारात हातात ठेवलेला टाय गळ्यात अडकवून आत शिरायची, असं डेल सांगायचा. हे संगीत त्या पोरांनी नाचून घडवलं.

मोगरी
तुम्ही दोघंही कॅलिफोर्नियातच अडकलात. हवाईत सरदारांच्या लाटेवरच्या पराक्रमाची स्तोत्रं पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जायची. खरे 'बीच बॉईज' म्हणजे वाइकीकीची मुलं, पर्यटकांना सर्फिंग शिकवणारी आणि संध्याकाळी युकुलेले (चार तारांची छोटी गिटार) वाजवणारी. ड्यूक कहानामोकू त्यांच्यातलाच. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्ण जिंकलेला हा माणूस पुढे ऑस्ट्रेलियाला सर्फिंग दाखवून आला. त्या बेटांवरची स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ती, हवाईयन गिटारही म्हणतात) आपल्यापर्यंतही पोचली: ती वाजवणारा ताउ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत होता, आणि हिंदी गाण्यांच्या हवाईयन गिटारवरच्या तबकड्या आपल्या घरोघरी वाजल्या. बेटांना वगळून सर्फ संगीताची व्याख्या करणं हा अन्याय आहे.

भरतीओहोटी
खारावारा, तुमचा निकष चॅम्पियन्सना लावून बघू. टॉम करन सर्फिंगचा १९८५, ८६ आणि ९० चा जगज्जेता. गिटारही वाजवतो, ड्रम्सही. सर्फर केली स्लेटरनं रॉब मचाडो आणि पीटर किंग यांच्यासोबत 'द सर्फर्स' नावाचा बँड काढला, १९९८ मध्ये अल्बम आला. अकरा जगज्जेतेपदं मिळवणाऱ्याचा तो अल्बम मला तरी फिका वाटतो. आणि गायक जॅक जॉन्सन? १७ व्या वर्षी पाइपलाइन मास्टर्स या सर्फिंग स्पर्धेच्या पात्रता फेरीत शेवटपर्यंत पोचलेला पोरगा. लगेचच त्याच लाटेनं त्याला असं आपटलं की १५० हून जास्त टाके पडले. त्याचं संगीत किती मऊ! साधी गिटार, हळू आवाज. ज्यानं गडगडाट अंगावर घेतला, तो गडगडाट वाजवतच नाही.

खारावारा
पण तेही पाण्यातलंच आहे! सर्फरचा बहुतेक वेळ बोर्डवर बसून लाटेची वाट बघण्यात जातो. प्रत्यक्ष लाट काही सेकंदांची. डेलनं लाट वाजवली, जॉन्सन ती वाट बघणं वाजवतो. दोन्ही अनुभवातून आलेलं.

तारसप्तक
आणि डेनिसचा अनुभव? सर्फिंगवर गाणं करू या, ही कल्पनाच त्याची. तो रोज पाण्यात जायचा, घरी येऊन सांगायचा, आणि ब्रायननं त्याचं गाणं केलं. दुसऱ्याचा अनुभव मनापासून ऐकून रचलेलं संगीत तुम्ही उसनं ठरवणार असाल, तर आपल्या वाद्यवृंदांतली अर्धी कोळीगीतं बाद करावी लागतील. मी करणार नाही.