पानावर एकेरी अवतरणचिन्हाऐवजी &#39; दिसते

प्रश्न: नमस्कार. वापरकर्त्यांचे अभिप्राय डेटाबेसमध्ये साठवण्यापूर्वीच मी त्यांतील विशेष चिन्हे एस्केप करतो (म्हणजे त्यांच्या जागी एचटीएमएलचे संकेत लिहितो) आणि पान तयार होताना टेम्पलेटही (पानाचा साचा) तेच काम पुन्हा करते; त्यामुळे एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी &#39; उमटते. टेम्पलेटमधील एस्केपिंग बंद करावे का?

उत्तर: कृपया ते बंद करू नका, कारण पानात घातक कोड घुसण्यापासून खरे संरक्षण तेच आहे. दुसऱ्या फेरीत & या चिन्हाचेच रूपांतर झाल्याने ब्राउझर संपूर्ण संकेत साधा मजकूर समजून दाखवतो. मजकूर मूळ स्वरूपातच साठवावा, कारण तोच उद्या ईमेलमध्ये किंवा एक्सेलमध्ये गेला, तर तिथे हे संकेत निरुपयोगी ठरतात. जुन्या नोंदी बॅकअप घेऊन एकदाच पूर्ववत कराव्यात.

उत्तर: वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र मजकूर पानात नेमका कुठे बसतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अ‍ॅट्रिब्यूटचे (एचटीएमएल टॅगमधील गुणधर्माचे) मूल्य अवतरणचिन्हांत नसेल, तर साध्या मोकळ्या जागेनेही ते तुटते आणि पुढे नवे अ‍ॅट्रिब्यूट घुसवता येते. जावास्क्रिप्टमधील स्ट्रिंगला (कोडमधील मजकुराला) वेगळे एस्केपिंग लागते. वापरकर्त्याने दिलेली लिंक 'जावास्क्रिप्ट' या स्कीमने (पत्त्याच्या सुरुवातीच्या भागाने) सुरू होत असेल, तर कोणतेही एस्केपिंग उपयोगी पडत नाही. तिथे केवळ एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांनाच परवानगी द्यावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमचा सर्व्हर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवर आहे.

उत्तर: मग विशेष काळजी घ्या. पीएचपी ८.१ पूर्वी एचटीएमएलस्पेशलचार्स हे एस्केपिंग करणारे फंक्शन, वेगळा फ्लॅग (पर्याय) दिल्याशिवाय, एकेरी अवतरणचिन्ह बदलत नसे.