तर्कशुद्ध आणि वाजवी

'तर्कशुद्ध वागणं म्हणजेच वाजवी वागणं' हे तुमचं म्हणणं पटलं नाही. इंग्लंडमधला १८३७चा वॉन विरुद्ध मेनलव्ह खटला बघा. मेनलव्हने शेजाऱ्याच्या हद्दीलगत गवताची गंजी रचली. ती पेट घेईल असं लोक पाच आठवडे बजावत होते. मेनलव्ह म्हणाला, बघू काय होतं ते! पेटली, आणि शेजाऱ्याची घरं जळाली. बचाव काय, तर 'माझ्या अकलेनुसार प्रामाणिकपणे वागलो'. कोर्टाने सुनावलं, अक्कल पावलांसारखी, प्रत्येकाचं माप वेगळं. कसोटी सामान्य शहाण्या माणसाच्या सावधगिरीचीच. गंमत म्हणजे मेनलव्हच्या मालाचा विमा होता, म्हणजे त्याच्यापुरता हिशेब चोखच की! अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स रॅशनल (स्वतःच्या हिशेबाने तर्कशुद्ध) आणि रीझनेबल (इतरांशी वाजवी) वेगळे काढतो ते साधारण इथेच. आपण मात्र दोन्हींना 'विवेकी' म्हणून मोकळे होतो.