सिम्फनी ऑर्केस्ट्राचं स्नेही मंडळ : वाद्यं उचलायला की हुरडा खायला?

तिसरी रांग

जरा काडी टाकतो.

पुण्यात आमचा एक हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. नाव देत नाही, सुज्ञांस सांगणे न लगे. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहिला प्रश्न 'किशोरची गाणी कोण म्हणतं?' हाच येतो, म्हणून सांगतो. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, फुंकायची वाद्यं, टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ढोल) आणि समोर छडी घेऊन उभा कंडक्टर. चाळीसेक वादक. आयटीवाले, दोन डॉक्टर, शाळेतल्या शिक्षिका आणि लष्करी बँडमधून निवृत्त झालेले चौघे. मानधन कुणालाच नाही.

या ऑर्केस्ट्राला न वाजवणाऱ्यांचं एक स्नेही मंडळ आहे. मी पहिल्या वर्षापासूनचा सभासद. मूळ काम साधं : तालमीआधी खुर्च्या आणि स्टँड मांडायचे, नोटेशनच्या झेरॉक्स काढायच्या, कार्यक्रमाला दारावर उभं राहायचं, मोठी वाद्यं टेंपोतून आणायची-न्यायची.

आता गेल्या वर्षातले मंडळाचे 'उपक्रम' बघा. तिळगूळ समारंभ. हुरडा. कैरीची डाळ आणि पन्हं. वर्षाविहार. कोजागरी. दिवाळी फराळ. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला नेलेली बस, एवढाच काय तो संगीताशी संबंध. त्यातही येताना लोणावळ्यात चिक्कीसाठी पाऊण तास मोडला.

यंदा तर कहर झाला. हुरड्याची तारीख नेमकी तालमीच्या रविवारी. बसमध्ये छत्तीस जण, खुर्च्या लावायला आम्ही पाच. डबल बासवाल्याने ते धूड एकट्याने दोन जिने चढवलं. हायडनच्या १७७२ सालच्या एका सिम्फनीत शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो आणि दोनच व्हायोलिनं उरतात. आमचं मंडळ तसं झालंय. ग्रुपवर हुरड्याचे सत्तर फोटो, तालमीचा एक नाही.

माझं म्हणणं : वर्षात किमान सहा तालमींना हात लावल्याशिवाय कुठल्याही सहलीत नाव घ्यायचं नाही. पटतंय का?

सदाशिवपेठी

शंभर टक्के. पुण्यात कुठलीही संस्था काढा, वाचनालय काढा नाहीतर व्याख्यानमाला, पाच वर्षांत तिची सहल समिती मूळ समितीपेक्षा मोठी होते.

कोथरूडकरीण

मी त्या बसमध्ये होते. गूळ-शेंगदाणे वाटायचं काम माझ्याकडे होतं, हेही लिहा.

तुम्हाला खुर्च्या उचलायला गडी हवेत, माणसं नकोत, असं वाचताना वाटलं. मी मंडळात आले ती बेथोव्हेनसाठी नाही. निवृत्त झाले, घर रिकामं झालं, शेजारीण म्हणाली कोजागरीला चल. गच्चीवर दूध आटत होतं आणि कोपऱ्यात चौघं बसून मोझार्टचं काहीतरी संथ वाजवत होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण दूध ढवळायचं विसरून मी ऐकत बसले. खाली लागलं ते दूध. पुढच्या महिन्यात कार्यक्रमाला दारावर उभी राहिले. उशिरा आलेल्याला दोन भागांच्या मधेच आत सोडायचं, वाजत असताना नाही, हे तिथे शिकले. आज तुमच्या तिसऱ्या रांगेत कुणी मधेच घुसत नाही ना? ते माझ्यामुळे.

सहा तालमींची अट तेव्हा असती, तर मी कोजागरीलाच आले नसते.

तिसरी रांग

ताई, तुमच्यासारख्या दोन असतील. बाकीच्या चौतीस जणांचं काय?

भटकभवानी

भाचीकडे अमेरिकेत सहा महिने होते तेव्हा हा प्रकार जवळून पाहिला. तिथे ही जुनी रीत आहे. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या मागे बायकांच्या समित्या उभ्या राहिल्या त्या १९०४ साली. तिकडे नुसत्या तिकिटांवर मोठा ऑर्केस्ट्रा चालत नाही, बराचसा खर्च देणग्यांतून काढावा लागतो. म्हणून मग जेवणावळी, नाचाच्या रात्री, जुन्या पुस्तकांची विक्री, बागा बघायच्या सहली. गप्पा, वाइन, नटणं, सगळं यथास्थित.

पण त्याच बायका आठवड्याच्या मधल्या वारी शाळांमध्ये जातात. पेटाऱ्यातून व्हायोलिन, ट्रम्पेट काढून पोरांच्या हातात देतात, वाजवून बघा म्हणतात. मी गेले होते एकदा. एका पोराने ट्रॉम्बोनमधून जो आवाज काढला तो ऐकून आमच्या गल्लीतली म्हैस आठवली. वर्ग हसून लोळला.

म्हणजे धागाकर्ते पूर्ण चूक नाहीत. आपण त्यांचं जेवण घेतलं, शाळा राहिली.

हिशेबनीस

मंडळाचे हिशेब माझ्याकडे असतात, म्हणून लिहितो. चर्चा हवेत चालली आहे.

हुरडा : माणशी ८०० घेतले. शेतवाल्याला ५००, बसला २००. उरले १००. छत्तीस माणसं, म्हणजे ३६००. यात टेंपोची एक फेरी हमालीसकट निघते.

कोजागरी : माणशी ३००, साठ जण, १८,०००. खर्च ४,५००, कारण भेळ आणि मसाला सभासदांनी घरून आणला. उरले १३,५००. त्यातून टिंपनीचा फाटलेला पडदा बदलला. बाकी बँकेत आहेत, माझ्या गादीखाली नाहीत.

दिवाळी फराळ : यात २,२०० तोटा आला आणि तो सभासदांच्या वर्गणीतून भरला. हे चुकलंच. चकल्या प्रमाणाबाहेर मागवल्या होत्या. कुणी मागवल्या ते इथे लिहीत नाही.

सदाशिवपेठी

आम्हाला कळलं कुणी मागवल्या.

मुद्द्याचं बोलू. ढोल-ताशा पथकांचं बघा. जुलैपासून नदीकाठी सराव, चिखल, पाऊस. सराव बुडवणाऱ्याला मिरवणुकीत ढोल मिळत नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. तिथे कुणी 'आम्हाला माणसं म्हणून वागवा' म्हणत नाही. शिस्त आहे म्हणून पथक उभं राहतं.

कोथरूडकरीण

पथकातली मुलं ढोल वाजवतात. त्यांना बक्षीस म्हणून मिरवणूक मिळते. आम्हाला कधी व्हायोलिन वाजवायला देणार आहात का? मग तुलना कशाला. आमची तुलना करायचीच तर पथकाला वडापाव पोचवणाऱ्या मावशींशी करा. त्यांना हजेरीपट असतो का?

कॅम्पवाला

माझं वय ७४, जन्म कॅम्पातला. आमच्या लहानपणी ईस्ट स्ट्रीटच्या आसपास संध्याकाळी दोन-चार घरांतून तरी पियानो ऐकू यायचा. पारशी, गोवेकर, ज्यू, अँग्लो-इंडियन. पूना म्युझिक सोसायटीच्या मैफली माझदा हॉलमध्ये किती ऐकल्या, मोजदाद नाही. तिथे लोक यायचे, ऐकायचे, घरी जायचे. हुरडा मी पाहिला नाही.

आता पेठांतली, कोथरूडची मंडळी येतात याचा आनंदच आहे. खोटं नाही बोलत. पण मागच्या कार्यक्रमात संथ भाग चालू असताना माझ्या मागे वेफर्सचं पाकीट फुटलं. आणि प्रत्येक भागानंतर टाळ्या. सिम्फनीचे चार भाग म्हणजे एकच गोष्ट आहे हो, मधे टाळ्या वाजवत नाहीत. मंडळाला उपक्रमच करायचा तर 'कसं ऐकावं' यावर दोन तासांचा वर्ग घ्या. पन्हं नंतर.

भटकभवानी

वेफर्सना माफी नाही. टाळ्यांचं मात्र इतकं सोपं नाही, काका. मोझार्टने ३ जुलै १७७८ ला पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय. त्याच्या नव्या सिम्फनीतली एक जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि ती आल्याबरोबर, वाजत असतानाच, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो रागावला नाही, खूश झाला. चिडीचूप बसायची पद्धत बरीच नंतरची. सवाईत १९५३ पासून लोक जागेला 'वा!' म्हणत आलेत, म्हणून भीमसेनजींचं गाणं बिघडलं नाही.

अवांतर : त्याच पत्रात आहे की कार्यक्रम झाल्यावर मोझार्ट थेट पॅले रोयालला गेला आणि त्याने मोठं आइस्क्रीम खाल्लं. हुरड्याला आक्षेप घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तिसरी रांग

आइस्क्रीम वाजवून झाल्यावर खाल्लं. वाजवायच्या ऐवजी नाही.

चिमटा

:) हा मुद्दा मान्य.

पण धागाकर्त्यांनी एक लक्षात घ्यावं. १८७४ साली याच पुण्यात गायन समाज निघाला. तो काढणारे घराणेदार गवई नव्हते, शिकलेसवरलेले ऐकणारे होते. १८८३ त मद्रासला शाखासुद्धा निघाली. गाणं नुसतं गाणाऱ्यांच्या जिवावर कधी चाललंय? उलट बाजूनेही बघा. मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. झुबिन मेहतांचे वडील ते. माणूस एवढा तालेवार, तरी ऑर्केस्ट्रा पुढे टिकला नाही. देशातला पूर्ण व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यानंतर थेट २००६ मध्ये, एनसीपीएत, आणि त्यातही कितीतरी वादक कझाकस्तानातून आणावे लागले. आपल्या फुकट वाजवणाऱ्या चाळिसांमागे चाळीस न वाजवणारे आहेत ही चैन आहे. ती सहा-सहा तालमींच्या तागडीत तोलू नका.

व्हायोलावाला

दोन दिवस वाचतोय. वादकांना कुणी विचारलंच नाही, म्हणून लिहितो. मी चार वर्षं व्हायोला वाजवतो. (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाज खालचा. आमच्यावरचे विनोद सगळे ऐकून झालेत.)

आम्हाला मंडळाकडून काय लागतं ते सांगतो. खुर्च्या आम्ही लावू शकतो, त्याचं एवढं नाही. कपड्याचे चिमटे लागतात. हॉलचे पंखे चालू असले की स्टँडवरची पानं उडतात, प्रत्येक पानाला दोन चिमटे. आणि पंख्याच्या बटणांपाशी एक माणूस लागतो, ज्याला संथ भाग आला की पंखे हळू करायचं कळतं आणि लोक घामाघूम झाले की पुन्हा वाढवायचं. सगळ्यांना सूर लावायला ओबो (फुंकायचं वाद्य) 'ए' हा सूर देतो, तो ओबोवाला आपल्याकडे नाही, मुंबईहून येतो. त्याला स्टेशनवरून आणणं, जेवू घालणं, रात्री परत गाडीत बसवणं हे मंडळातले एक काका गेली तीन वर्षं स्वतःच्या स्कूटरवरून करतात. ते काका हुरड्याला गेले म्हणून त्यांचं नाव काटायचं? त्या नियमाने ते नापास होतात, कारण तालमीला ते येतच नाहीत.

आता हायडन. ती सिम्फनी कशासाठी लिहिली हे धागाकर्त्यांनी अर्धंच सांगितलं. राजेसाहेबांनी वादकांना उन्हाळी वाड्यावर महिनोन्‌महिने ठेवून घेतलं होतं, बायकामुलं लांब. एकेक जण उठून गेला तो 'आता घरी सोडा' हे सांगायला. राजेसाहेबांना कळलं, दुसऱ्या दिवशी सगळे निघाले.

आमचंही तेच म्हणणं आहे. त्या रविवारी तालमीत आम्ही चाळीस जण फोनवर हुरड्याचे फोटो बघत होतो. मंडळाच्या एकाही सहलीला आम्हाला आजवर कुणी बोलावलं नाही. मुद्दाम नसेल, पण सहली नेहमी रविवारी आणि तालीमही रविवारी. कोजागरीला चौघांना बोलावलं ते वाजवायला. वाजवून झाल्यावर दूध मिळालं, तेही आत्ता कळलं की खाली लागलेलं. मंडळातल्या तिघांचीच नावं मला माहीत आहेत.

कोथरूडकरीण

अगबाई. तो व्हायोला तुमचा होता?

व्हायोलावाला

होय. मोझार्ट माझ्यामुळे संथ नव्हता, तो संथच आहे.

हिशेबनीस

खजिनदार म्हणून सांगतो, शनिवारी शेतवाला माणशी ५० कमी घेतो. आधी कुणी विचारलं असतं तर.

तिसरी रांग

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरं सांगतो. मी मंडळाच्या बाजूने तालीम मोजत होतो, वादकांच्या बाजूने हुरडा मोजला नाही. सहा तालमींचा नियम मागे घेतो. पण तारखांचं मागे घेत नाही. वर्षाच्या तालमींचं पत्रक जानेवारीतच निघतं, ते बघून मगच बस ठरवा, आणि शनिवारची ठरवा. आणि फराळाचा तोटा वर्गणीतून भरायचा नाही, ज्याने मागवल्या त्याने भरायचा.

सदाशिवपेठी

म्हणजे धागा फुकट गेला. मी नियमाच्या बाजूनेच आहे. लिहून ठेवा, पुढच्या वर्षी हाच धागा पुन्हा निघेल.

कॅम्पवाला

ऐकण्याच्या वर्गाचं काय झालं? मी शिकवायला तयार आहे. ग्रामोफोन माझा, तबकड्या माझ्या, जागा तुम्ही बघा.

भटकभवानी

काका, जागा माझ्या घरी. पण कोथरूडला यावं लागेल. आणि पन्हं असणार.

कॅम्पवाला

येतो. वेलदोडा कमी घाला.

चिमटा

मार्चच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम या रविवारी. टेंपो सकाळी साडेसातला. टिंपनी दोन, डबल बास तीन, उचलायला चौघं हवेत. खाली मिसळ आहे, हिशेबनिसांनी मंजूर केली आहे.

हिशेबनीस

एका माणसाला एक प्लेट. जादा पाव स्वखर्चाने.

तिसरी रांग

माझं नाव घ्या. गुडघा धरलाय, पण बास एका बाजूने उचलेन.

व्हायोलावाला

पंख्यांपाशी कोण?

कोथरूडकरीण

मी. संथ भाग आला की मान हलवा, म्हणजे मला कळेल.